'कुणाला सांगू नकोस' म्हणाली, आता मी काय करू?

प्रश्न: ताई, मी कॉलेजच्या ॲथलेटिक्स टीमची कॅप्टन आहे, थर्ड इयरला, 1500 मीटर आणि क्रॉस कंट्री पळते. या वर्षी टीममध्ये एक ज्युनियर आलीये, तीच माझी रूममेट. आली तेव्हा एकदम ठीक होती. मग सर एकदा सगळ्यांसमोर तिला म्हणाले, दोन-तीन किलो उतरव, बघ कशी पळशील. तिने उतरवले आणि खरंच टायमिंग सुधारलं, सगळ्यांनी कौतुक केलं, मीपण केलं. पण आता ती थांबतच नाहीये. आमच्यासोबत जेवायला बसत नाही, मी आधीच खाल्लं म्हणते. प्रॅक्टिस संपल्यावर परत एकटी पळायला जाते. मागच्या आठवड्यात बाथरूममध्ये नळ पूर्ण सोडलेला होता तरी मला उलटीचा आवाज आला. विचारलं तर खूप रडली आणि म्हणाली, कुणाला सांगितलंस तर मी टीम सोडीन आणि तुझं तोंड बघणार नाही. तीन आठवड्यांनी मीट, म्हणजे स्पर्धा आहे. सरांना सांगितलं तर तिला काढतील, आणि नाही सांगितलं तर काय होईल या विचाराने मला झोप लागत नाही. तिला चार महिने पाळी पण आली नाहीये, पण ते काही विशेष नाही, सीझनमध्ये आमच्यातल्या कुणालाच नीट येत नाही, माझी पण पाच महिने आली नाहीये. सिनियर म्हणायच्या, पाळी गेली म्हणजे ट्रेनिंग बरोबर चाललंय. मी काय करू?

उत्तर:

अगं, आधी तुझ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते, नाहीतर पुढचं सगळं वाचताना तू तेच शोधत राहशील. हो, सांग. मीट होईपर्यंत थांबू नकोस, याच आठवड्यात सांग, जमलं तर उद्याच.

तिने तुला गप्प राहायला सांगितलं आणि तुला ते मोडवत नाहीये, हे मी समजू शकते. एका खोलीत राहतो, एका बसने मीटला जातो, एकमेकींच्या बुटांचा वास सहन करतो, अशा मैत्रिणीचा शब्द मोडणं सोपं नसतं. तिने पाय मुरगळलाय, सांगू नकोस म्हटलं असतं तर तू दोन दिवस गप्प बसली असतीस आणि ते खपूनही गेलं असतं. उलट्यांचं तसं नाहीये. वारंवार उलट्या काढल्या की शरीरातलं पाणी आणि क्षार जातात, त्यात पोटॅशियम जातं, आणि हृदयाचे ठोके लयीत पडायला ते लागतंच. ते फार खाली गेलं की ठोक्यांची लय बिघडू शकते, आणि हे बाहेरून दिसत नाही, चेहऱ्यावर नाही, वजनकाट्यावर नाही, टायमिंगमध्ये तर नाहीच. वर ती कमी खाऊन दुप्पट पळतीये. म्हणून तीन आठवडे हा फार मोठा काळ आहे गं.

आणि एक गोष्ट आत्ताच डोक्यात पक्की करून ठेव. ती चक्कर येऊन पडली, छातीत धडधडतंय म्हणाली, उलटीत रक्त दिसलं, किंवा जगायचंच नाहीये असं काही बोलली, तर मग कुणाला सांगू आणि कसं सांगू हा विचारच करायचा नाही. सरळ हॉस्पिटल, रात्रीचे दोन वाजलेले असले तरी, आणि अशा वेळी तिला एकटीला सोडायचं नाही.

आता तिच्याशी बोलायचं कसं. कारण सांगायच्या आधी तिच्याशी एकदा बोलायला हवं, तिच्या पाठीमागे जाऊन सांगितलंस तर तुझ्यावरचा विश्वास जाईल आणि मग ती अजून लपवेल. जेवणाच्या टेबलावर हा विषय काढू नकोस, ताट समोर असताना तिची अर्धी ताकद त्या ताटाशी भांडण्यात गेलेली असते. प्रॅक्टिसनंतर दमलेली असतानाही नको. खोलीत दोघीच आहात, कुठे जायची घाई नाही, अशा वेळी बोल. 'तू किती बारीक झालीयेस' असं चुकूनही म्हणू नकोस, तुला ती काळजी वाटते पण तिच्या कानाला ते बक्षीस वाटतं. 'अगं नीट जेव ना' हेही नको, जेवता येत नाहीये हाच तर आजार आहे, मोडलेल्या पायाने नीट चाल म्हटल्यासारखं होतं ते. तू फक्त जे पाहिलं आणि ऐकलं तेवढंच सांग. 'मी मागच्या आठवड्यात बाथरूमच्या बाहेर होते, मला ऐकू आलं, तेव्हापासून मला झोप नाही. तू आमच्यासोबत जेवायला बसत नाहीस ते मला जाणवतं. मला तुझी भीती वाटते म्हणजे तुझ्यासाठी भीती वाटते.' एवढं पुरे. मग गप्प बस, ती बोलेल किंवा नाही बोलणार.

बहुतेक ती चिडेल. नाकारेल, तुला काय कळतं म्हणेल, तुला माझं टायमिंग बघवत नाही असंही म्हणेल, आणि ते तुला लागेल, कारण तू कॅप्टन आहेस आणि तीसुद्धा पळणारीच आहे. ते मनावर घेऊ नकोस. या आजारात माणूस स्वतःलाच इतकं घाबरलेलं असतं की जो हात पुढे करतो त्यालाच आधी ओरबाडतं.

शेवटी तिला स्पष्ट सांग की मी कुणाला सांगणार आहे आणि कधी सांगणार आहे, आणि तिला निवड दे, तू स्वतः सांगतेस की आपण दोघी जाऊन सांगू की मी सांगू. न सांगणं ही निवड त्यात नाही. बऱ्याचदा होतं काय की 'मी तुझ्याबरोबर येते' म्हटलं की निम्मं ओझं उतरतं, कारण पहिल्यांदा त्या दारातून आत जाणं हेच सगळ्यात अवघड असतं.

सांगायचं कुणाला, तर माझं मत आहे की पहिली पायरी सर नकोत. कॉलेजचे किंवा टीमचे डॉक्टर, फिजिओ, काउन्सेलर, यांच्यापैकी ज्यांच्यावर तुझा विश्वास बसेल त्यांच्याकडे आधी जा, कारण ते तिला खेळाडू म्हणून बघायच्या आधी पेशंट म्हणून बघतील. यातलं कुणीच नसेल तर साध्या फॅमिली डॉक्टरकडे, पण उलट्यांचं आणि पाळीचं दोन्ही मोकळेपणी सांगायचं, नाहीतर थकवा आहे म्हणून टॉनिक घेऊन परत याल. तिच्या घरी सांगायचं का हे डॉक्टर किंवा काउन्सेलरशी बोलून ठरवा, पण तब्येत धोक्यात आहे असं ते म्हणाले तर घरच्यांना कळायलाच हवं, मग ती कितीही रागावली तरी.

सरांना कळेल, कळायलाच पाहिजे, पण ते डॉक्टरांच्या तोंडून कळलं तर बरं. तुला भीती आहे की ते तिला काढतील. अगं, मीटमधून थांबवणं आणि टीममधून काढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॅमस्ट्रिंग फाटलेल्या मुलीला आपण मीटला पळवतो का? नाही, आणि तिला टीममधून काढतही नाही, ती स्टँडमध्ये बसते, ओरडते, बरी होऊन परत येते. इथेही तेच व्हायला हवं. डॉक्टर हो म्हणेपर्यंत पळायचं नाही आणि तोवर ती टीमचीच, हे दोन्ही एका वाक्यात सरांना सांगायचं काम कॅप्टनचं. सरांनी उडवून लावलं तर सरांच्या वर जे कोणी असतील त्यांच्याकडे जा, लाजू नकोस.

तुझ्या पत्रातले दोन शब्द मला वाचताना टोचले, 'मीपण केलं'. कौतुक. तू त्याचा अपराध मनात धरून बसलीयेस, हो ना? तर ऐक. कुणाच्या एका वाक्याने हा आजार होत नाही. घराण्यातून येणारा भाग असतो, स्वभाव असतो, सगळं शंभर टक्के परफेक्ट हवं असणारी, आतून घाबरट, स्वतःला कधी माफ न करणारी मुलगी याला लवकर सापडते, आणि गंमत म्हणजे, नाही, गंमत नाही, वाईट गोष्ट ही आहे की चांगला खेळाडू व्हायला नेमका हाच स्वभाव उपयोगी पडतो. दुखत असताना पळत राहणं, भूक मारणं, सुट्टी न घेणं, या सगळ्याला मैदानावर आपण शिस्त म्हणतो. म्हणून तर खेळाडू मुलींमध्ये हे लवकर ओळखू येत नाही. नॉर्वेमधला एक अभ्यास 2004 मध्ये छापून आला होता, त्यात देशातल्या टॉपच्या खेळाडू मुलींपैकी 20 टक्के मुलींना ईटिंग डिसऑर्डर, म्हणजे हाच खाण्याशी जोडलेला आजार, निघाला आणि न खेळणाऱ्या मुलींमध्ये 9 टक्के. जिम्नॅस्टिक्ससारख्या, जिथे दिसण्याला मार्क असतात अशा खेळांत तर 42 टक्के, आणि आपल्या लांब पळण्यासारख्या दमाच्या खेळांत 24 टक्के. आणि मुलगे यातून सुटलेत असं नाही, त्यांच्यातही 8 टक्के निघाले. दमाच्या खेळातल्या मुलींत म्हणजे चारातली जवळजवळ एक. तुझ्या टीममध्ये किती मुली आहेत ते तूच मोज.

पण एका वाक्याने आजार होत नसला तरी एका वाक्याने दार उघडतं, हे सरांना कुणीतरी सांगायला हवं. क्रिस्टी हेनरिक नावाची अमेरिकन जिम्नॅस्ट होती, 1988 मध्ये एका मीटला एका जजने तिला सांगितलं की ऑलिम्पिक टीममध्ये यायचं असेल तर वजन उतरव. 26 जुलै 1994 ला ती गेली, अनेक अवयव निकामी होऊन, 22 वर्षांची होती. मी हे तुला घाबरवायला सांगत नाहीये. चारचौघात वजनावरून बोलणं हे काही प्रोत्साहन नाही, हे पटवायची वेळ आली तर तुझ्याकडे बोलायला काहीतरी असावं म्हणून सांगतेय.

आता टायमिंगचं. ते खरंच सुधारलं, आणि हे मी नाकारणार नाही कारण तू ते डोळ्यांनी पाहिलंयस आणि मी खोटं बोलले तर पुढचं काहीच तुला पटणार नाही. थोडं वजन उतरलं की सुरुवातीला काही आठवडे, कधी काही महिने, हलकं वाटतं, वेग वाढतो. पण शरीर तेव्हा साठवलेल्यावर चालत असतं. असं समज की पगार आला आणि त्यातला मोठा भाग हप्त्यातच गेला. मग घर कसं चालवतो आपण? किराणा आधी, लाईटचं बिल आधी, आणि गळकं छत, भिंतीची ओल, ते पुढच्या वर्षी बघू. शरीरही तसंच करतं. तू जे खातेस त्यातून आधी पळण्याचा खर्च वजा होतो, उरतं त्यात हृदय, मेंदू, हाडं, हॉर्मोन्स, पचन, जखमा भरणं, सगळं भागवायचं असतं. उरलंच थोडं तर ते हृदय चालू ठेवतं आणि ज्याच्यावाचून आज मरत नाही ते बंद करतं. त्यात पाळी अगदी वर असते. मेंदूतून ओव्हरीला जाणारे हॉर्मोनचे सिग्नल मंदावतात, इस्ट्रोजेन खाली जातं, महिना चुकतो, मग दुसरा चुकतो. याला किती कॅलरी लागतात याचा आकडा मला माहितीये पण मी मुद्दाम देत नाहीये, कारण हे पत्र ती कधीतरी वाचेल आणि मोजायला लागेल, आणि कदाचित तूसुद्धा.

हो, तूसुद्धा. मी तुझं पत्र वाचत वाचत शेवटाला आले आणि तिथेच थांबले. रूममेटबद्दल तू एवढं सविस्तर लिहिलंस आणि स्वतःबद्दल जाता जाता अर्धी ओळ, 'माझी पण पाच महिने आली नाहीये'. जणू काही बुटाची लेस सुटलीये.

मी तुझ्याच वयाची असताना 800 मीटर पळायचे. शेवटच्या वर्षी डाव्या नडगीत दुखायला लागलं, आतल्या कडेला, घोट्याच्या वर चार-पाच बोटं, अगदी नाण्याएवढी जागा. बोट ठेवलं की नेमकी कळ निघायची, शेजारी दाबलं तर काही नाही. पळताना दुखून मग बधिर व्हायचं, म्हणून मी पळत राहिले. मग जिना उतरताना दुखायला लागलं, मग झोपेत कूस बदलताना. एक्स-रेत काही दिसलं नाही आणि मी खूश झाले. एमआरआयमध्ये स्ट्रेस फ्रॅक्चर दिसलं. आणि त्या डॉक्टरबाईंनी पायाकडे बघायचं सोडून मला विचारलं, पाळी शेवटची कधी आली होती? मला आठवेना. मी काय उत्तर दिलं माहितीये? 'सीझनमध्ये आम्हाला येत नाही', असं अगदी अभिमानाने. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. तोपर्यंत चार वर्षांत मला हा प्रश्न कुणीही विचारला नव्हता, कोचने नाही, घरी नाही, फिटनेस सर्टिफिकेट देणाऱ्याने नाही. आणि मला उलट्या नव्हत्या, मी जेवण टाळत नव्हते, मला वाटायचं मी भरपूर खाते. ट्रेनिंग वाढत गेलं आणि खाणं तेवढंच राहिलं, एवढंच झालं होतं.

म्हणून तुझ्या सिनियर जे म्हणायच्या ते उलटं आहे. पाळी जाणं म्हणजे ट्रेनिंग बरोबर चाललंय असं नाही, शरीराला पुरत नाहीये असं आहे. 1992 मध्ये अमेरिकेत स्पोर्ट्स मेडिसिनच्या तज्ज्ञांनी एकत्र बसून याला 'फीमेल ॲथलीट ट्रायड' असं नाव दिलं, म्हणजे खाण्याची गडबड, पाळी बंद आणि हाडं ठिसूळ, हे तिन्ही एकमेकांना धरून येतात. पुढे 2007 मध्ये त्यांनीच व्याख्या सुधारली आणि स्पष्ट केलं की ईटिंग डिसऑर्डर असलाच पाहिजे असं नाही, खर्चाच्या मानाने खाणं कमी पडलं तरी बाकीचं सगळं होतं. 2014 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने त्याला अजून मोठं नाव दिलं, रिलेटिव्ह एनर्जी डेफिशियन्सी इन स्पोर्ट, कारण हाडं आणि पाळीपुरतंच ते थांबत नाही, हृदय, प्रतिकारशक्ती, पोट, मूड, सगळ्यावर परिणाम होतो, आणि मुलग्यांनाही होतो. म्हणजे तू नीट जेवतेस, तुला उलट्या नाहीत, तू बारीक दिसत नाहीस, तरी तू यात असू शकतेस. कुणाकडे नुसतं बघून हे कळत नाही.

हाडांचं मात्र मला जरा जास्त बोलायचंय. हाडांची बँक असते असं समज, त्यात भर घालायचं वय म्हणजे लहानपण आणि विशीच्या आसपासची वर्षं, तिशी गाठेपर्यंत जे जमा झालं ते झालं, त्यानंतर हळूहळू काढतच राहायचं असतं. इस्ट्रोजेन ते जमा झालेलं राखतं. ते महिनोन्महिने खाली राहिलं तर ज्या वयात भरायचं त्याच वयात तू काढतेयस, आणि पुढे जेवण वाढवलं, पाळी परत आली तरी गेलेलं सगळं परत येईलच असं नाही. मेरी केन आठवते का, 2013 मध्ये 17व्या वर्षी वर्ल्ड चॅम्पियनशिपला अमेरिकेकडून पळाली होती. 2019 मध्ये तिने जाहीरपणे सांगितलं की वजन उतरव म्हणून तिच्यावर सतत दबाव होता, तीन वर्षं पाळी आली नाही आणि पाच हाडं मोडली. पाच. आणि त्या काळात ती हळू होत गेली, वेगवान नाही.

कुणी तुला गर्भनिरोधक गोळ्या घे, पाळी येईल असं सांगेल. डॉक्टरांना न विचारता तसलं काही करू नकोस. त्या गोळ्यांनी जो रक्तस्राव होतो तो गोळीच्या पाकिटाप्रमाणे होतो, तुझं स्वतःचं चक्र सुरू झालं असा त्याचा अर्थ नाही, आणि हाडं त्याने वाचतील याचा भरवसा नाही. उलट आता सगळं ठीक आहे असं वाटत राहतं आणि खरं काय चाललंय ते झाकून जातं. सलग तीन महिने पाळी आली नाही की डॉक्टरांकडे जायचं हा साधा नियम आहे, आणि तू तो दोन महिन्यांपूर्वीच ओलांडलायस. ते प्रेग्नन्सी टेस्ट करतील, थायरॉइड, प्रोलॅक्टिन नावाचं हॉर्मोन, ओव्हरीच्या गाठींचं वगैरे बघतील, कारण पाळी जायची कारणं अनेक असतात आणि कमी खाणं हे एकमेव नाही. गरज वाटली तर ईसीजी आणि हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन सांगतील. रक्त काढताना सुई टोचेल तेवढीच, बाकी यात काही दुखत नाही.

आणि आता बघ, तुझ्या दोन्ही अडचणी एकमेकींना कशा उपयोगी पडतात. तिच्याशी बोलायला जाशील तेव्हा तू तपासणारी आणि ती पकडली गेलेली, असं राहणारच नाही. 'माझी पण पाच महिने पाळी नाहीये, मी दाखवायला चाललेय, चल ना सोबत' असं तू म्हणू शकतेस. ते खरंही आहे. मी तुझ्या जागी असते तर इथूनच सुरुवात केली असती, उलट्यांचा विषय नंतर काढला असता. दोघी एकाच दिवशी जा, ती आत असताना तू बाहेर बस, तू आत असताना तिला बाहेर बसू दे.

यातून बाहेर यायला वेळ लागतो, हे आधीच सांगते म्हणजे दोन आठवड्यांत काही दिसलं नाही म्हणून तू खचणार नाहीस. तिला डॉक्टर, डाएटिशियन आणि मानसोपचार करणारं कुणीतरी, तिघंही लागतील, नुसतं 'खा' म्हणून भागणार नाही. ट्रेनिंग कमी करावं लागेल, कदाचित काही काळ पूर्ण बंद. पाळी परत यायला काही महिने, कधी वर्षाच्या वरही लागतं. मधे ती चांगली असेल आणि मग एक दिवस परत नळ सोडलेला ऐकू येईल. तेव्हा सगळं फुकट गेलं असं समजू नकोस. मॉली सायडेल ही अमेरिकन धावपटू कॉलेजात नॅशनल चॅम्पियन होती, 2016 मध्ये ऑलिम्पिक ट्रायल्स सोडून ती ईटिंग डिसऑर्डरच्या ट्रीटमेंटला गेली, आणि 2021 मध्ये टोकियो ऑलिम्पिकच्या मॅरेथॉनमध्ये तिने ब्राँझ जिंकलं. त्यानंतरही हा त्रास पुन्हा डोकं वर काढतो हे तिने लपवलं नाही. एक सीझन गेला म्हणून करिअर जात नाही गं.

तू मात्र तिची पहारेकरी होऊ नकोस. बाथरूमबाहेर उभं राहणं, घास मोजणं, तिची बॅग बघणं, हे काहीही करायचं नाही. त्याने तिचं लपवणं वाढेल आणि तुझी झोप आहे ती पण जाईल. तू मैत्रीण राहा. पळणं, वजन, जेवण सोडून तिच्याशी बोलायला अजून काय काय आहे ते आठव, आधी तुम्ही कशावर हसायचात, ते परत आण. आणि ती बरी व्हायला लागली की 'चेहरा भरला बघ' म्हणू नकोस, चांगल्या मनाने म्हटलेलं असतं पण तिला त्या रात्री झोप लागणार नाही.

टीमसाठी कॅप्टन म्हणून तू एक-दोन गोष्टी नक्की करू शकतेस. सगळ्यांसमोर वजन करायची पद्धत असेल तर ती बंद करायला सांग, करायचंच असेल तर डॉक्टर किंवा फिजिओ बंद खोलीत करतील आणि आकडा कुणाला सांगणार नाहीत. चेंजिंग रूममध्ये 'आज मी खूप खाल्लं, आता दोन राऊंड एक्स्ट्रा' असलं बोलणं तू स्वतः थांबव, ज्युनियर तुझ्याकडे बघून शिकतात. आणि किट टोचत असेल, अंगाला चिकटून लाज वाटत असेल तर दुसरं मागायचा हक्क आहे, 2021 च्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये जर्मनीच्या जिम्नॅस्ट मुली पूर्ण पाय झाकणारा ड्रेस घालून उतरल्या होत्या.

आणि पाळीबद्दल टीममध्ये उघड बोल. तुला सिनियरनी जे सांगितलं ते त्यांना त्यांच्या सिनियरनी सांगितलं असणार, कुणी वाईट मनाने सांगितलं नाही. पण पुढच्या वर्षी तू जाशील तेव्हा ज्युनियरना तुझ्याकडून काय ऐकू येईल ते तुझ्या हातात आहे. 'मला पाच महिने आली नाही आणि मी डॉक्टरांकडे गेले' असं एका मुलीने ग्रुपमध्ये म्हटलं की बाकीच्या मोजायला लागतात, आणि या एकाच गोष्टीची मोजणी त्यांनी करावी असं मला वाटतं.

आज रात्री एवढंच कर. तुझी शेवटची पाळी कधी आली होती ती तारीख आठव, नक्की आठवत नसेल तर जुने मेसेज बघ, कुठली मीट होती, कोणता पेपर होता, त्यावरून काढ, आणि कागदावर लिहून पाकिटात ठेव. डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतील.

तुझी ताई